एकच बातमी धरा आणि शेवटपर्यंत सोडू नका : व्यापार-राजकारणाच्या बातम्यांतून इंग्रजी शब्द

रानजाई

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायचा असेल तर शब्दांच्या याद्या बाजूला ठेवा आणि लांबत जाणारी एक बातमी धरा, असं मी मुलांना सांगते. यावर इथे नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

निफाड तालुक्यातल्या एका वाचनालयात संध्याकाळी स्पर्धा परीक्षांची मुलं अभ्यासाला बसतात. त्यांचं इंग्रजी मी बघते. बहुतेकांकडे शब्दांची जाडजूड पुस्तकं असतात. 'अ‍ॅबेट', 'अ‍ॅबहॉर', 'अ‍ॅब्रोगेट' अशी सुरुवात, प्रत्येकासमोर मराठी अर्थ. पाठांतर दांडगं असतं, पण तोच शब्द उताऱ्यात समोर आला की ओळख पटत नाही. तो कुणाच्या तोंडी येतो, कशासाठी येतो, कुठल्या शब्दाच्या जोडीने येतो, यातलं काहीच यादीत नसतं.

म्हणून आम्ही कांद्याची बातमी धरली. इथल्या प्रत्येक घराला तिचा अर्थ आधीच ठाऊक आहे, त्यामुळे फक्त इंग्रजी शब्द त्यावर बसवायचे राहतात. क्रम बघा.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. 'एक्स्पोर्ट ड्यूटी' हा शब्द आला आणि त्याच्याबरोबर 'इम्पोज' आणि 'लेव्ही' ही क्रियापदं आली. मुलं आपसूक 'पुट' लिहितात, बातमीत मात्र ते कुठेच नव्हतं. नाशिकच्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले, तेव्हा 'ऑक्शन्स सस्पेंडेड'. ते पुन्हा सुरू झाले, तेव्हा 'रिझ्यूम्ड'. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य ठरलं, ते 'मिनिमम एक्स्पोर्ट प्राइस'. काही बातम्यांत त्यालाच 'फ्लोअर प्राइस' म्हटलं होतं. ८ डिसेंबरपासून थेट बंदी. ३१ मार्च २०२४ ची मुदत संपण्याआधीच ती वाढवली, 'एक्स्टेंडेड अंटिल फर्दर ऑर्डर्स'. ४ मे २०२४ ला बंदी उठली, 'लिफ्टेड', पण ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिलंच. बंदी गेली तरी 'कर्ब्ज' कायम, हा फरक मुलांना तेव्हा बरोबर कळला, कारण घरचा माल कांद्याच्या चाळीत पडून होता. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य काढलं, 'स्क्रॅप्ड', आणि शुल्क ४० वरून २० टक्क्यांवर आलं, 'हाव्ह्ड'. १ एप्रिल २०२५ पासून उरलेलं शुल्कही गेलं, 'विथड्रॉन'.

लावणे, वाढवणे, शिथिल करणे, उठवणे, मागे घेणे, यांतल्या प्रत्येकासाठी दोन-तीन क्रियापदं या एका गोष्टीत येऊन गेली. तीही एकदाच नाही, दर थोड्या दिवसांनी. वेगळी उजळणी करावी लागली नाही.

तुम्ही कुणी अशी बातमी धरली आहे का? काय चाललं, काय अडलं, सविस्तर लिहा.

पेठेतला_अभ्यासू

ताई, धागा वेळेवर आला. वाचनखूण साठवली.

पण एक अडचण मनापासून मांडतो. मी सांगली जिल्ह्यातला, शिक्षण पूर्ण मराठी माध्यमात. पुण्यात येऊन परीक्षेची तयारी करतोय. इंग्रजी पेपर उघडला की पहिल्या परिच्छेदातच पाच-सहा शब्द अडतात. प्रत्येक शब्द कोशात बघत बसलो तर एका बातमीत तास जातो आणि शेवटी बातमी काय होती तेच आठवत नाही. यादी निदान पुढे सरकते. माझ्यासारख्याने सुरुवात कुठून करायची?

वाचस्पती

अभ्यासू, तुमची अडचण खरी आहे आणि तिच्यावर अभ्यासही झालेला आहे. पॉल नेशन या भाषाशास्त्रज्ञाने २००६ साली मांडलं की वृत्तपत्रं किंवा कादंबऱ्या बाहेरच्या मदतीशिवाय नीट समजायला शंभरातले साधारण ९८ शब्द ओळखीचे असावे लागतात, आणि त्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात. शब्दकूळ म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक. हा डोंगर एकदम चढता येत नाही, म्हणून तर माणूस यादीकडे वळतो.

रानजाई सांगतात तो मार्ग इथेच कामाला येतो. आठ-नऊ हजारांचा आकडा सगळ्या विषयांचा मिळून आहे. एकाच विषयावरचं वाचत राहिलं की तेच शब्द परत परत येतात आणि विषयाची माहिती असल्याने न कळलेल्या शब्दाचाही अंदाज लागतो. भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन याला 'नॅरो रीडिंग' म्हणतात, म्हणजे अरुंद पट्ट्यातलं वाचन. त्यामुळे आज क्रिकेट, उद्या शेअर बाजार, परवा अंतराळ असं सुरुवातीला करू नका. पहिले दोन महिने एकच विषय.

शब्दसेवक

मी मराठी वृत्तपत्रात भाषांतराच्या टेबलावर काम करतो. अभ्यासूंसाठी रोजच्या कामातला एक उपाय सांगतो, पैसे लागत नाहीत.

पत्र सूचना कार्यालय, म्हणजे पीआयबी, केंद्र सरकारची निवेदनं इंग्रजीत काढतं आणि त्यांतल्या बऱ्याच निवेदनांची मराठी आवृत्तीही देतं. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण, मंत्रिमंडळाचे निर्णय, व्यापार करार, हमीभाव, सगळं तिथे मिळतं. आधी मराठी निवेदन वाचा. काय घडलं ते पूर्ण समजू द्या. मग इंग्रजी उघडा. कोश हातात घ्यायचा नाही. मराठीत 'मंजुरी दिली' आहे तिथे इंग्रजीत काय आहे? 'अप्रूव्ह्ड' आहे. 'आढावा घेतला' आहे तिथे? 'रिव्ह्यूड'. 'अंमलबजावणी' आहे तिथे 'इम्प्लिमेंटेशन'. सरकारी मराठी जरा जड असतं, पण इथे तेच फायद्याचं ठरतं, कारण वाक्याला वाक्य लावता येतं.

दुसरी गोष्ट मथळ्यांची. इंग्रजी मथळ्याची भाषा वेगळी असते आणि नवखा माणूस पहिल्यांदा तिथेच अडखळतो. घडून गेलेली गोष्ट वर्तमानकाळात लिहितात: 'सेंटर लिफ्ट्स बॅन'. पुढे होणारी 'टू' लावून: 'मिनिस्टर टू व्हिजिट लासलगाव'. 'अ', 'द' गाळतात. आणि जागा कमी म्हणून आखूड शब्दांची एक टोळीच कामाला असते. 'मल' म्हणजे विचाराधीन असणं, 'नॉड' म्हणजे मंजुरी, 'प्रोब' म्हणजे चौकशी, 'कर्ब' म्हणजे निर्बंध, 'हाइक' म्हणजे वाढ, 'स्लॅम' म्हणजे सडकून टीका, 'बिड' म्हणजे प्रयत्न. 'रो' लिहिलेलं दिसतं आणि त्याचा अर्थ वाद असतो तेव्हा उच्चार 'राव' करायचा. असे तीस-चाळीस शब्द पक्के झाले की कुठल्याही इंग्रजी पेपरचं पहिलं पान उघडं होतं. एवढी एकच यादी मी पाठ करायला सांगेन.

मात्र हे शब्द मथळ्यातच राहू द्या. निबंधात 'द कॅबिनेट गेव्ह इट्स नॉड' एकवेळ खपेल, पण ऑफिसच्या पत्रात 'आय अ‍ॅम मलिंग युवर प्रपोजल' लिहिलं तर वाचणारा बुचकळ्यात पडतो. नव्याने शिकणाऱ्या मुलांच्या अर्जांत मी हे वारंवार पाहतो.

हर्णै_बंदर

मी रत्नागिरी जिल्ह्यातला, मासळी निर्यातीच्या धंद्यात. माझं सगळं इंग्रजी धंद्याच्या बातम्यांनी आणि ग्राहकांच्या ईमेलनी घडवलं, म्हणून लिहितो.

२०२५ साल आमच्यासाठी अवघड होतं. २ एप्रिलला अमेरिकेने 'रेसिप्रोकल टॅरिफ', म्हणजे जशास तसं आयात शुल्क, जाहीर केलं, भारताचा आकडा २६ टक्के. आठवड्यात ९० दिवसांची स्थगिती, तिला शब्द आला 'पॉज'. ७ ऑगस्टपासून २५ टक्के लागू झालं आणि २७ ऑगस्टपासून रशियन तेलाच्या कारणाने आणखी २५, एकूण ५०. कोळंबीवर त्याच्याआधीपासून 'अँटी-डम्पिंग ड्यूटी' आणि 'काउंटरव्हेलिंग ड्यूटी' होत्याच. हे दोन शब्द पेपरात नुसते फेकलेले असतात, त्यामुळे समजावून सांगतो. घरच्या बाजारापेक्षा कमी भावात परदेशात माल विकला असा ठपका ठेवून जे शुल्क लावतात ते पहिलं. सरकारी अनुदानामुळे माल स्वस्त पडतो म्हणून तो फायदा पुसून टाकायला लावतात ते दुसरं. बातमीत दोन्ही सोबत दिसतात, पण कारणं वेगळी आहेत.

त्या ऑगस्टमध्ये ग्राहकांकडून येणाऱ्या प्रत्येक मेलमध्ये एक प्रश्न असे: 'हू विल अ‍ॅब्सॉर्ब द ड्यूटी?' 'अ‍ॅब्सॉर्ब' म्हणजे शोषून घेणे हे शाळेत स्पंजच्या धड्यात शिकलो होतो. इथे अर्थ, शुल्काचा भार स्वतःच्या खिशातून कोण सोसणार. त्याच्या उलट 'पास ऑन', म्हणजे पुढच्याच्या माथी मारणे. माल आत्ता पाठवू नका, थांबा, याला 'डिफर द शिपमेंट'. शुल्क लागू होण्याआधी घाईने जास्त माल पाठवून देणे म्हणजे 'फ्रंट-लोड'. हे चारही शब्द त्याच आठवड्यांत व्यापाराच्या बातम्यांतही होते. सकाळी बातमीत वाचायचे आणि दुपारी उत्तरात वापरायचे. असा वापरलेला शब्द विसरणं शक्य नाही.

आंब्यावरूनही कोकणातल्या मुलांना पुष्कळ शिकता येईल. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणाने हापूसवर बंदी घातली होती, २०१५ च्या सुरुवातीला ती उठवली. त्या बातम्या जुन्या असल्या तरी नेटवर आहेत. 'कन्साइनमेंट', 'इन्फेस्टेशन', 'फायटोसॅनिटरी', 'कम्प्लायन्स', 'नॉन-टॅरिफ बॅरियर', सगळे एका जागी सापडतील. शुल्क शून्य असलं तरी माल अडवता येतो, हा व्यवहारही त्यातून कळतो.

गोंयचो_पाव्स

हर्णै बंदर, प्रतिसाद फार आवडला. गोव्यात हेच लोहखनिजाच्या बाबतीत. मे २०२२ मध्ये निर्यात शुल्क ५० टक्क्यांपर्यंत वाढवलं आणि नोव्हेंबरमध्ये मागे घेतलं. 'लो-ग्रेड ओअर' आणि 'रोलबॅक' हे शब्द आमच्या डिचोली-सांग्याच्या मुलांनी कुठल्या कोशातून घेतले नाहीत, ट्रक उभे राहिले तेव्हा घेतले.

थेम्सकाठ

मी इंग्लंडमध्ये राहते. लग्नानंतर २०१७ मध्ये इथे आले तेव्हा वाचता यायचं, पण चार लोकांत बोलायला तोंड उघडत नसे. तेव्हा देशात एकच बातमी होती, ब्रेक्झिट, म्हणजे ब्रिटनचं युरोपीय संघातून बाहेर पडणं.

२३ जून २०१६ चं सार्वमत होऊन गेलं होतं, ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडायचा कौल दिला होता, आणि कसं बाहेर पडायचं यावर पुढे साडेतीन वर्षं काथ्याकूट चालली. शब्द शिकायला याहून मोठी मालिका मिळणार नाही. 'रेफरेंडम', 'ट्रान्झिशन पिरियड', 'कस्टम्स युनियन', 'सिंगल मार्केट', 'हार्ड बॉर्डर'. उत्तर आयर्लंडच्या सीमेवरून 'बॅकस्टॉप' (तिथे तपासणी नाकी परत येऊ नयेत म्हणून ठेवलेली राखीव तरतूद) हा शब्द निघाला तेव्हा इथल्या जन्मलेल्या माणसांनाही तो एकमेकांना समजावून सांगावा लागत होता, त्यामुळे मलाही विचारायला संकोच वाटला नाही. सगळ्यांसाठीच नवा असलेला शब्द आला की शिकणाऱ्याने ती संधी सोडू नये.

१५ जानेवारी २०१९ ला संसदेत 'मीनिंगफुल व्होट' झालं आणि सरकारचा करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला. मी थेट प्रक्षेपण बघत होते. 'डिव्हिजन!' म्हणजे मतविभागणी, 'द आइज हॅव इट' म्हणजे होकार जिंकला, 'द नोज हॅव इट' म्हणजे नकार जिंकला, 'पॉइंट ऑफ ऑर्डर' म्हणजे नियमाचा मुद्दा. हे शब्द आपल्या संसदेतही तसेच वापरले जातात, म्हणून मराठी मुलांनाही लोकसभेचं कामकाज ऐकून मिळतील. सप्टेंबर २०१९ मध्ये पंतप्रधानांनी संसद स्थगित केली, 'प्रोरोग'. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ती कृती बेकायदा ठरवली, 'अनलॉफुल'. 'अनलॉफुल' आणि 'इल्लीगल' यांत सूक्ष्म फरक काय यावर आमच्या ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर खडाजंगी झाली आणि त्या वादात मी बोलले. राजकारणावर मत सगळ्यांनाच असतं, त्यामुळे शब्द हाती असले की बोलायला विषय शोधावा लागत नाही. शब्दांच्या यादीतून हे होत नाही.

रानजाई, तुमच्या मुलांना वाचनाबरोबर ऐकायलाही लावा. उच्चार तिथेच बसतात.

सुधाकर_काका

थेम्सकाठ ताईंनी ऐकण्याचं काढलं म्हणून जुनी आठवण सांगतो. आमच्या तरुणपणी लघुलहरींवर 'व्हॉइस ऑफ अमेरिका'चं 'स्पेशल इंग्लिश' लागायचं. १९ ऑक्टोबर १९५९ ला ते सुरू झालं. साधारण १५०० शब्दांच्या मर्यादेत बातम्या लिहायच्या, वाक्यं छोटी ठेवायची आणि नेहमीपेक्षा संथ वाचायच्या, अशी त्यांची रीत होती. परभणीसारख्या गावात इंग्रजी बोलणारं कुणी नव्हतं. वडील आणि मी रेडिओला कान लावून बसायचो. 'ट्रीटी', 'सीजफायर', 'एम्बार्गो', 'ऑइल प्राइसेस', हे सगळे शब्द मी त्या आवाजातून घेतले. १९७३ च्या तेलसंकटात 'एम्बार्गो' रोज ऐकू यायचा. अरब देशांनी तेल रोखलं, आपल्याकडे रॉकेलच्या रांगा लागल्या, त्यामुळे अर्थ कुणाला विचारावा लागला नाही.

मार्च २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वर टाच आणली आणि 'लर्निंग इंग्लिश'चं, म्हणजे नाव बदललेल्या त्याच 'स्पेशल इंग्लिश'चं, कामही थांबलं. जगभरच्या लहान गावांतल्या माणसांना त्याने भाषा दिली होती. मला त्याचं मनापासून दुःख झालं. आता नवशिक्यांनी बीबीसीचं 'लर्निंग इंग्लिश' बघावं. चालू बातमीतले दोन-तीन शब्द घेऊन ते नीट उलगडून सांगतात.

पेठेतला_अभ्यासू

काका, थेम्सकाठ ताई, खूप आभार. शब्दसेवक दादा, पीआयबीचा उपाय कालच करून बघितला, रिझर्व्ह बँकेची बातमी घेतली. मराठीत 'रेपो दरात २५ आधार बिंदूंची कपात' आणि इंग्रजीत '२५ बेसिस पॉइंट्स'. आता हा आधार बिंदू काय असतो?

आकडेमोड

एक बेसिस पॉइंट म्हणजे एक टक्क्याचा शंभरावा भाग. २५ बेसिस पॉइंट्स म्हणजे पाव टक्का. फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, ६.५० वरून ६.२५ झाला, तो २५ बेसिस पॉइंट्सनी उतरला.

याचीच बहीण 'पर्सेंटेज पॉइंट'. शुल्क ४० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आलं तर ते २० पर्सेंटेज पॉइंट्सनी उतरलं, पण ५० टक्क्यांनी कमी झालं. दोन्ही विधानं बरोबर आहेत आणि वाचकाच्या मनावर होणारा परिणाम अगदी वेगळा आहे. निवडणुकीच्या बातम्यांतही 'व्होट शेअर'बद्दल लिहिताना हेच. बँकेच्या परीक्षांत यावर हमखास प्रश्न असतो.

वकीलवाडा

व्यापाराकडून थोडं राजकारणाकडे येऊ. महाराष्ट्रातल्या मुलांसाठी २०२२ चा सत्तासंघर्ष आणि त्यावरचा ११ मे २०२३ चा घटनापीठाचा निकाल ही बातमी धरण्यासारखी आहे. कुणाचा पक्ष कुठला हा भाग बाजूला ठेवा, फक्त भाषा बघा.

'व्हिप', म्हणजे पक्षादेश, कुणाचा चालतो, विधिमंडळ पक्षाचा की राजकीय पक्षाचा? 'फ्लोअर टेस्ट', म्हणजे बहुमत चाचणी, कुठल्या आधारावर बोलावता येते? 'डिसक्वालिफिकेशन', म्हणजे अपात्रता, कोण ठरवतं? यांतला प्रत्येक शब्द तेव्हा मराठी वाहिन्यांवरही इंग्रजीतच बोलला जात होता, त्यामुळे कानावरून गेलेला आहे. 'स्प्लिट' आणि 'मर्जर' या दोन शब्दांवर तर अख्खा युक्तिवाद उभा होता. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, आधी पक्षातल्या फुटीला, म्हणजे 'स्प्लिट'ला संरक्षण होतं. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ते काढून टाकलं. विलीनीकरणाला, म्हणजे 'मर्जर'ला असलेलं संरक्षण राहिलं. सामान्य बोलण्यात पक्ष फुटला म्हणतात, कायद्यात मात्र त्या शब्दाला आता आसरा नाही.

आणि 'स्टेटस को अँटी'. 'स्टेटस को' म्हणजे आहे ती स्थिती, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. 'अँटी' जोडलं की ती आधीची स्थिती होते. उद्धव ठाकरे यांनी बहुमत चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला, त्यामुळे पूर्वस्थिती आणता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. हा लॅटिन शब्द मी विद्यार्थ्यांना एरवी तासभर समजावला असता. त्या दिवशी संध्याकाळी चहाच्या टपरीवर लोक त्याचा अर्थ एकमेकांना सांगत होते.

शब्दसेवक

वकीलवाडा यांनी भाषा आणि पक्ष वेगळे ठेवायला सांगितलं, त्याला अनुमोदन. त्यालाच धरून एक महत्त्वाचा भाग मांडतो, कारण शब्द शिकताना माणूस नकळत कुणाची तरी बाजूही शिकत असतो.

बातमीत 'म्हणाले' या अर्थाची क्रियापदं बघा. मंत्री म्हणाले की साठा पुरेसा आहे. 'सेड' लिहिलं तर नुसतं कथन. 'क्लेम्ड' लिहिलं तर लिहिणाऱ्याने स्वतःला त्या विधानापासून दूर ठेवलं. 'अ‍ॅडमिटेड' लिहिलं तर मंत्र्यांनी काहीतरी अडचणीचं कबूल केलं असा सूर लागतो. 'कन्सीडेड' म्हणजे आधी नाही म्हणत होते, शेवटी मान्य केलं. 'रिइटरेटेड' म्हणजे आधी बोललेलंच परत. 'अलेज्ड' हे आरोपाला, 'डिनाइड' हे इन्काराला. यांतलं कुठलं क्रियापद निवडलं त्यावरून वाक्याचा कल ठरतो.

आमच्या टेबलावर नवीन आलेल्या मुलाला मी एक काम देतो. एकाच घटनेच्या दोन इंग्रजी पेपरांतल्या बातम्या घ्यायच्या आणि फक्त ही क्रियापदं पेन्सिलीने अधोरेखित करायची. आठवडाभरात त्याला शब्दही येतात आणि बातमी वाचताही येते. 'गव्हर्नमेंट' आणि 'रेजीम', 'प्रोटेस्टर्स' आणि 'मॉब', यांचंही तसंच. म्हणून एकाच पेपरवर शब्दसंग्रह उभा करू नका, निदान दोन वाचा.

अवांतर: 'टेबल अ बिल' म्हणजे आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये विधेयक सभागृहात मांडणं. अमेरिकन बातमीत तेच वाचलंत तर अर्थ होतो चर्चा बाजूला ठेवणं. कुठल्या देशाची बातमी आहे ते आधी पाहावं.

वाचस्पती

शब्दसेवक, उत्तम. त्यात भर घालतो. 'सँक्शन' बघा. 'सँक्शन्ड पोस्ट' म्हणजे मंजूर पद, आणि 'सँक्शन्स ऑन रशिया' म्हणजे निर्बंध. शेजारचे शब्द वाचल्याशिवाय अर्थ ठरत नाही.

दुसरं उदाहरण 'मोस्ट फेवर्ड नेशन'. नावावरून वाटतं की त्या देशाला खास वागणूक मिळते. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत त्याचा अर्थ सगळ्या सदस्यांना सारखीच वागणूक, कुणाला कमी नाही. भारताने पाकिस्तानला १९९६ मध्ये तो दर्जा दिला आणि पुलवामानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये काढून घेतला. पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क लावलं. तेव्हा 'आपण त्यांना लाडकं राष्ट्र का केलं होतं' असा संताप सगळीकडे दिसत होता. लोकांचा राग समजण्यासारखा होता, पण संज्ञेचा अर्थ कुणी नीट समजावून दिला नाही, आणि ते काम बातमीदारांचं होतं.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं सकस काही जमेल असं वाटलं नव्हतं. क्रियापदं अधोरेखित करण्याचं काम उद्यापासूनच मुलांना देते.

माझ्याकडून आणखी एक प्रयोग सांगते, जरा वरच्या वर्गासाठी. बातमी पुरेशी झाली की मूळ अधिसूचना वाचायची. कांदा निर्यातबंदीची विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना आम्ही फळ्यावर लिहिली. तिचा गाभा एवढाच की कांद्याचं निर्यात धोरण 'फ्री'वरून 'प्रोहिबिटेड' केलं आहे. मुलांनी विचारलं, मग 'रिस्ट्रिक्टेड' का नाही? तिथे खरा अभ्यास सुरू झाला. 'फ्री' म्हणजे परवान्याशिवाय निर्यात करता येते. 'रिस्ट्रिक्टेड' म्हणजे परवाना घेऊन करता येते. 'प्रोहिबिटेड' म्हणजे करताच येत नाही. बोलण्यात आपण तिन्हीकडे बंधन हा एकच शब्द वापरू, पण एका शब्दाच्या फरकाने बंदरावर उभा असलेला कंटेनर जहाजावर चढतो किंवा परत येतो. त्याच अधिसूचनेत आधीच जहाजावर चढवायला घेतलेल्या मालासाठी सवलत होती. ते कलम आम्ही शब्दन्‌शब्द सोडवलं. एका मुलाचे वडील व्यापाऱ्याकडे हमाली करतात, त्याने ते घरी जाऊन त्यांना समजावून सांगितलं.

अभ्यासू, तुम्ही कुठली बातमी निवडताय?

पेठेतला_अभ्यासू

ताई, मी भारत आणि ब्रिटनमधला व्यापार करार घेतलाय. सही २४ जुलै २०२५ ला झाली आणि बातमी पुढे बरीच चालेल असं वाटतं. आधी मराठी निवेदन, मग इंग्रजी, मग दोन पेपर, असं केलं. कोश फक्त शेवटी उघडला. स्वतःची वाक्यं लिहिलीत, तपासून द्याल का?

एक, 'इंडिया अँड द यूके साइन्ड द अ‍ॅग्रीमेंट इन जुलै २०२५.'

दोन, 'द ड्यूटी ऑन व्हिस्की विल बी रिड्यूस्ड फ्रॉम १५० पर्सेंट टू ७५ पर्सेंट, अँड देन फेज्ड डाउन टू ४० पर्सेंट ओव्हर टेन इयर्स.'

तीन, 'द अ‍ॅग्रीमेंट इज अप्लाइड फ्रॉम द डेट ऑफ साइनिंग.'

रानजाई

पहिली दोन वाक्यं स्वच्छ आहेत. 'फेज्ड डाउन' अगदी योग्य जागी बसलंय, शुल्क पूर्ण जाणार असतं तर 'फेज्ड आउट' लागलं असतं.

तिसऱ्यात भाषा आणि माहिती दोन्ही दुरुस्त करायला हवं. करारावर सही झाली म्हणजे तो 'साइन्ड' झाला. त्यानंतर दोन्ही देशांची आपापल्या पद्धतीने मंजुरी लागते, ते 'रॅटिफिकेशन'. आणि तो प्रत्यक्ष लागू होतो तेव्हा 'कम्स इन्टू फोर्स' किंवा 'एंटर्स इन्टू फोर्स'. मधे वर्ष-दीड वर्षही जाऊ शकतं. युरोपातल्या चार देशांच्या 'एफ्टा' गटाशी आपला करार १० मार्च २०२४ ला सही झाला आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. त्या दोन्ही तारखांच्या बातम्या शोधून समोरासमोर ठेवा आणि पहिल्यात कुठली क्रियापदं आहेत, दुसऱ्यात कुठली, ते काढा. मग तिसरं वाक्य पुन्हा लिहून इथेच टाका, मी बघते.